शाळा कशी असावी, हे कुणी ठरवायचे?

(द्वितीय वर्ष, कला)

नायगाव म्हटले की पुष्कळांना सावित्रीबाई फुले आठवतात. ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला ते नायगाव सातारा जिल्ह्यातले. आमचे नायगाव वसईच्या खाडीकाठचे. भाईंदर सुटले, खाडीचे पूल ओलांडले की येणारे. दोन्ही गावांचा संबंध नावापुरताच. तरीपण शाळा या विषयावर लिहावयास घेतले तेव्हा हे नामसाम्य मनाला थोडा धीर देऊन गेले, हे खरे.

हल्ली 'आधुनिक शाळा' हे शब्द वारंवार कानावर येतात. भिंतींना रंग, भिंतींवर चित्रे, खडूफळ्याच्या जागी पडदा, एका खोलीत संगणक, प्रवेशद्वारावर मोठा फलक, असे त्या शाळेचे वर्णन असते. यात वाईट काहीच नाही. मात्र हे चित्र कुणी काढले, असे विचारले तर उत्तर शिक्षण खाते, संस्थाचालक, देणगीदार किंवा ठेकेदार असे येते. ज्या मुलांनी त्या खोलीत दिवसाचे पाच-सहा तास बसावयाचे, ज्या बाईंनी तेथे शिकवायचे, आणि ज्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन मुले पाठवावयाची, त्यांना कुणी विचारलेले नसते. शाळेचे चित्र या सगळ्यांनी मिळून काढावे, असा विचार आता शिक्षणशास्त्रात मांडला जातो. तो काही परदेशातून नव्याने आणावयास नको. आमच्याच पालघर जिल्ह्यात ऐंशी वर्षांपूर्वी तो करून पाहिला गेला आहे.

डहाणू तालुक्यात घोलवड स्टेशनाजवळ बोर्डी हे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला त्यात त्या होत्या, आणि दादरला शिशुविहारही चालविले होते. शहरात नाव झालेली ही बाई खेड्यात का गेली? माँटेसरी पद्धती शहरातल्या सुखवस्तू घरांतील मुलांपुरतीच राहिली, ती खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला मिळाली पाहिजे, हे त्यांच्या मनाने घेतले होते. वस्तुतः स्वतः मारिया माँटेसरी यांची पहिली शाळा ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो या कामगारवस्तीतच उघडली होती. आईबाप कामावर गेले की मुले इमारतीच्या जिन्यांची व भिंतींची नासधूस करीत, म्हणून मालकांनीच त्या मुलांसाठी एक खोली काढून दिली. म्हणजे ती पद्धती जन्मली गरिबाघरी आणि वाढली श्रीमंताघरी. ताराबाईंनी तिला परत माहेरी आणले, असे मला वाटते.

बोर्डीत त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि सहाच महिन्यांत वैधव्य आले. त्यानंतर त्या शिकल्या व पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिक्षिका झाल्या. पक्की नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या आणि १९९२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत याच कामात राहिल्या.

या दोघींच्या कामाविषयी सांगताना त्यांचा त्याग, त्यांचे पुरस्कार (ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री) हेच बहुधा सांगितले जाते. मला त्यांची एक वेगळीच गोष्ट मोठी वाटते. शाळा कशी असावी याचे चित्र घेऊन त्या गेल्या होत्या, आणि गावाने ते वेळोवेळी नाकारले. दर नकारानंतर त्यांनी गावाला दोष न देता आपले चित्र पुसून पुन्हा काढले.

पहिला नकार असा. बालवाडी निघाली, पण गरीब वस्त्यांतली मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा मूल शाळेत येत नाही तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरले. शिक्षिका वस्तीत जाऊन एखाद्या घरापुढच्या अंगणात मुले जमवू लागल्या. त्यांची नखे काढणे, तोंड धुणे, केस विंचरणे, गाणी, गोष्टी, खेळ, सगळे त्या अंगणात. आया चुलीपाशी बसून हे पाहात. 'अंगणवाडी' हा शब्द असा आला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तो शब्द देशभर गेला. अनेक ठिकाणी अंगणवाडी आज भाड्याच्या खोलीत भरते. शब्दात अंगण उरले, जागेत नाही. असो.

दुसरी अडचण साधनांची. माँटेसरीची लाकडी साधने महाग. ती खेड्यात परवडणार कशी, आणि तुटली तर दुरुस्त कोण करणार? म्हणून शिंपले, चिंचोके, खडे, बिया, पाने, माती हीच साधने झाली. मोजायचे तर चिंचोके मोजा, आकार ओळखायचे तर पाने ओळखा. समुद्र शेजारी असताना शंखशिंपल्यांना तोटा तो काय!

पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथे वस्ती वारली आदिवासींची. तेथील मुलांना शाळेत येण्याची इच्छा नव्हती असे नाही. त्यांना कामे होती. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असे. ते टाकून ती कशी येणार? मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. तिला विकासवाडी हे नाव मिळाले. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली वर्गात. मुलगे गुरे राखावयास कुरणात जात. त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली. गुरे चरत आहेत आणि झाडाखाली अक्षरओळख चालली आहे. तिचे नाव कुरणशाळा.

मला वाटते, शाळेची जागा म्हणजे काय याचा याहून खोल विचार क्वचितच कुणी केला असेल. जागा म्हणजे चार भिंती हे त्यांनी गृहीत धरलेच नाही. मुलाचा दिवस कसा जातो, ते कुठे असते, त्याच्या हातात आणि कडेवर काय असते, हे आधी पाहिले आणि त्याच्याभोवती शाळा रचली.

आता कायद्याकडे वळू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिचे किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचे काम आहे. म्हणजे शाळा कशी असावी हे पालकांनी शिक्षकांसह बसून ठरवावे, असे कायदाच म्हणतो. कागदावर याहून अधिक काय मागावे?

माझी आई अशा एका समितीची सदस्य होती. माझा धाकटा भाऊ तेव्हा चौथीत होता. सभा सकाळी अकराला असे. आई भाईंदरला एका कारखान्यात पॅकिंगचे काम करते. सभेला जायचे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. तरी ती पहिल्या दोन सभांना गेली. तेथे इतिवृत्त वाचले गेले, चहा झाला, आणि जिथे सांगितले तिथे तिने सही केली. तिसऱ्या खेपेला रजिस्टरच आमच्या घरी आले. मी तिला विचारले, "आई, तू तिथे काही बोललीस का गं?" ती म्हणाली, "शिकलेल्या माणसांत मी काय बोलू? अन् मला कुणी विचारलं तरी का?" ती सातवीपर्यंत शिकलेली आहे. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारी मीच पहिली. तेव्हा 'शिकलेली माणसे' या शब्दांत तिच्या मनात काय काय असते ते मी जाणते. कायद्याने तिला खुर्ची दिली. खुर्चीत बसून बोलण्याचे बळ कायद्याने येत नाही.

आणि तिला सांगण्यासारखे नव्हते असेही नाही. त्या शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी आतून लागत नसे, हे आमच्या आळीतल्या सगळ्या आयांना ठाऊक होते. इतिवृत्तात मात्र संगणकासाठी अर्ज केल्याची नोंद होती.

वडिलांचेही असेच. ते मिठागरावर काम करतात. नायगाव व आसपासच्या खाजणात भरतीचे पाणी घेऊन, बांध घालून, उन्हावर मीठ पिकवतात. कोणत्या तिथीला उधाण किती येईल, पावसाचे पाणी आणि भरती एकदम आली तर ते कुठे तुंबेल, हे ते न पाहता सांगतात. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला, मिठागरांवरची माणसे अडकून पडली होती. त्यावेळी मी शिकत होते त्या शाळेच्या वर्गात गुडघ्याएवढे पाणी आले. वाचनालयाची पुस्तके खालच्या फळीवर होती, ती सगळी गेली. पुढच्या वर्षी भिंतींना नवा रंग लागला आणि नवी पुस्तके पुन्हा त्याच खालच्या फळीवर आली. वडिलांचे म्हणणे एवढेच होते की, जोते दोन हात उंच हवे होते आणि पाण्याची वाट बुजवावयास नको होती. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, अडथळ्याविना प्रवेश, क्रीडांगण, वाचनालय हे सारे सांगितले आहे. पण नायगावला 'सर्व ऋतू' म्हणजे काय, हे मिठागरावरचा माणूसच सांगू शकतो. आराखडा करताना अशा माणसाला कुणी बोलावले आहे काय?

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. पालकांना विचारले तर ते काय मागतील? इंग्रजी, टाय, बूट, बाके आणि भरपूर गृहपाठ! आमच्या आळीत विचाराल तर दहातले आठ जण हेच सांगतील. मुलांनी जमिनीवर बसून चिंचोके मोजावेत हे त्यांना मागासलेपणाचे वाटेल, कारण त्यांनी स्वतः तेच केले आणि पुढे गेले नाहीत. तेव्हा सर्वांनी मिळून ठरवणे म्हणजे हात वर करून मते मोजणे असे मी मानत नाही. कोसबादलाही असे मतदान झाले नव्हते. 'तुम्हाला काय हवे?' या प्रश्नाऐवजी 'तुमचा दिवस कसा जातो? मूल शाळेतून आल्यावर काय सांगते? कोणत्या कारणाने घरी राहते?' असे विचारले तर खरी उत्तरे निघतात. टायची मागणी करणाऱ्या आईलाच कडीची गोष्ट ठाऊक असते. शिक्षकांनाही हेच विचारावे. त्यांनाही त्या इमारतीत दिवस काढायचा असतो. त्यांच्या बसण्याच्या खोलीचा विचार तर कोणत्याच भाषणात येत नाही.

आमच्या नायगावात हे विचारणे अधिकच गरजेचे झाले आहे. स्टेशनच्या पूर्वेला उंच इमारती उठल्या. एका वर्गात आगरी, कोळी, ख्रिस्ती, उत्तर भारतीय, गुजराती अशी मुले शेजारी शेजारी बसतात. पाणजू बेटावरची मुले होडीने येतात. भरती-ओहोटी आणि वादळवारा यांच्यावर त्यांची हजेरी अवलंबून. त्यांच्या दृष्टीने शाळेची जागा धक्क्यापासून सुरू होते. भाषेचेही असेच. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांचे क्यूआर कोड सर्वांना माहीत झाले. पण मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून ते आधी ती भाषा शिकले, याचा उल्लेख त्यामानाने कमी होतो.

यंत्रांना माझा विरोध नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या घरात एकच मोबाईल होता आणि तो वडिलांबरोबर मिठागरावर जात असे. यंत्र नसले की काय होते ते मी भोगले आहे. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड या शिक्षकाने डिजिटल केली. तेथे पडदा आला तो गावाला बरोबर घेऊन आला. ज्या वस्तूत गावाचा हात लागलेला असतो तिला गाव जपते. वरून आलेला संगणक मात्र बंद पडला की फडक्याखाली झाकलेला राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तेव्हा माझ्या सूचना लहानच आहेत. समितीची सभा रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर घ्यावी. ती कधी शाळेत, कधी आळीतल्या एखाद्या ओट्यावर भरवावी, म्हणजे सदस्य नसलेल्या आयाही दारातून बोलतील. आराखडा सामान्यतः तीन वर्षांचा असतो. तो लिहिण्यापूर्वी मुलांकडून शाळेचे चित्र काढून घ्यावे, त्यात कोणती जागा आवडते आणि कोणत्या जागेची भीती वाटते ते रंगाने दाखवावयास सांगावे. जुचंद्रच्या रांगोळी कलाकारांचे गाव शेजारी असता रंगाला आणि हाताला कमी नाही. इतिवृत्त सही घेण्यापूर्वी मोठ्याने वाचावे.

माझ्या भावाची शाळा आता बदलली. आईच्या जागी आमच्याच आळीतल्या एक काकू समितीवर आल्या आहेत. त्यांना मी कायद्याची ती कलमे मराठीत एका कागदावर उतरवून दिली. त्यांनी कागद घडी करून पदराला बांधला आणि विचारले, "ह्यात कडीचं कुठं लिवलंय, ते दाखव."