निळ्या ओठांचे मूल : डॉ. हेलेन टॉसिग यांच्या कार्याचा अभ्यास

एखादे तान्हे मूल रडताना निळे पडू लागले, की आपल्या नेसरी-गडहिंग्लज भागात अजूनही कोणी दृष्ट लागली म्हणते, कोणी मागल्या जन्माचे पाप म्हणते. अंगाऱ्या-धुपाऱ्यात मोलाचे महिने निघून जातात. दुःखाला कारण असते व ते कारण दूर करता येते, ही तथागतांची शिकवण आहे. तिचा प्रत्यय देणारे एका हृदयरोगतज्ज्ञ स्त्रीचे कार्य आम्ही प्रस्तुत लेखात पाहणार आहोत.

हेलेन टॉसिग यांचा जन्म १८९८ साली अमेरिकेत झाला. स्त्री म्हणून हार्वर्डमध्ये वैद्यकीय पदवीची वाट बंद होती. त्यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून १९२७ साली ती मिळविली. १९३० मध्ये तेथील मुलांच्या हृदयरोग विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. पुढे त्यांना ऐकू येईनासे झाले. हृदयाचे डॉक्टर, आणि ठोके ऐकू येत नाहीत! त्या बोटांनी बाळाच्या छातीतील स्पंदने ओळखू लागल्या.

‘टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो’ या जन्मजात दोषात फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते व हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असते. अशुद्ध रक्त अंगभर फिरते. ओठ व नखे निळी पडतात. जन्मानंतर मिटणारी एक रक्तवाहिनी ज्यांची उघडी राहते, त्या बाळांचा त्रास कमी असतो, हे टॉसिग यांनी हेरले. मग तशी वाट शस्त्रक्रियेने का करू नये? २९ नोव्हेंबर १९४४ रोजी सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी पंधरा महिन्यांच्या मुलीवर ती शस्त्रक्रिया केली. ती मुलगी पुढे काही महिन्यांनी दगावली. परंतु त्या मार्गाने नंतर असंख्य मुले वाचली.

या शस्त्रक्रियेचे तंत्र प्रयोगशाळेत बसविले होते व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय सहायकाने. मंदीत बचत बुडाल्याने त्यांचे डॉक्टर होणे राहिले; आरंभी त्यांना झाडलोट करणाऱ्याच्या श्रेणीत पगार मिळे. त्या दिवशी ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून ते सूचना देत होते. १९४५ च्या शोधनिबंधात लेखक म्हणून त्यांचे नाव नव्हते. १९७६ साली त्यांना मानद डॉक्टरेट मिळाली. हात कोणाचे आणि नाव कोणाचे, हे आपल्या समाजाला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

टॉसिग यांच्या हाताखाली शिकलेल्या डॉ. एस. पद्मावती यांनी ही विद्या दिल्लीत आणून रुजविली. आज हा दोष पूर्णपणे दुरुस्त करता येतो. तथापि शस्त्रक्रियेच्या व्रणामुळे मोठेपणी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. म्हणून धडधड, भोवळ वा शुद्ध हरपणे दुर्लक्षू नये. त्रास नसला तरी जन्मभर ठरावीक तपासणी करावी.

मातांनो, दूध पिताना धाप व घाम, वजन न वाढणे, निळे ओठ, खेळता खेळता उकिडवे बसणे ही लक्षणे ध्यानात ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाडीत व शाळेत मुले तपासतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेस साहाय्य मिळते. विहारात जमणाऱ्या प्रत्येक भगिनीने एवढी माहिती दुसऱ्या घरी पोचविली, तरी एखादे मूल वाचेल. तीच खरी करुणा होय.

जय भीम!