गोड चाऱ्याचे कानमंत्र

बापू, दुभती गाय दावणीला आणलीस, फार बरं केलंस. परवा तू मोबाइलवर वेल्समधलं रायगवत दाखवलंस ना? ॲबरिस्टविथच्या संशोधकांनी त्याच्या पात्यात साखर जास्त भरेल असे वाण काढले, मोठं काम केलं. पण ते गवत थंड मुलखाचं. आपल्या गोंदियाच्या मे महिन्यात करपून जाईल. त्यातली शिकवण मात्र आपल्या कोठ्याची आहे. गाईच्या पोटातल्या जिवाणूंना प्रथिनं वापरायला सोबत साखर लागते, नाहीतर बरंचसं मोल मुतातून वाहून जातं. हा गोडवा आपल्या ज्वारी-मक्यातही आहे, फक्त राखता आला पाहिजे. ऐक आता मावशीचं.

१. हिरवा चारा उन्हं कलल्यावर काप – दिवसभर पान साखर बनवतं आणि रात्री झाड स्वतःच ती खर्चतं. झाडानं रात्री खाल्लेलं गाईला सकाळी कुठून मिळणार?

२. वैरणीची ज्वारी निम्मी फुलली की विळा घाल, मका कणसात दूध भरताना – आधी नुसतं पाणी, नंतर नुसती काडी.

३. कोवळी ज्वारी, पावसाच्या ताणात सुकलेली ज्वारी आणि खुंटावरची नवी फूट गाईपुढे टाकू नकोस – तिच्यात सायनाइडचं विष असतं, डॉक्टर येईपर्यंतही वेळ मिळत नाही.

४. धान निघालं की बोडीचं पाणी पोचेल त्या बांधीत ऑक्टोबर-नोव्हेंबरात बरसीम पेर – पहिली कापणी दीड महिन्यात, मग साधारण महिन्या-महिन्यानं थंडीभर हिरवं मिळतं.

५. दवानं भिजलेलं बरसीम रिकाम्या पोटी देऊ नकोस, आधी धानाचं तणस टाक – कोवळ्या बरसीमानं पोटात फेस होतो आणि गाईची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगते.

६. धुऱ्यावर नेपिअर जरूर लाव, पण डोक्यावर जाईस्तोवर कौतुक करत बसू नकोस – उंच गवत डोळ्यात भरतं, पोटात नाही.

७. आपल्या घरी तणसाला तोटा नाही, त्याला सुधारून घे. १०० किलो तणसावर ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात विरघळवून थराथरानं शिंपड, तुडव आणि ताडपत्रीखाली २१ दिवस झाकून ठेव – काडी मऊ पडते, प्रथिनं वाढतात.

८. युरिया काट्यावर मोज, मुठीनं नाही. त्याची बादली जनावरापासून लांब ठेव आणि उघडलेलं तणस उग्र वास जाईपर्यंत पसरून ठेव – मापात तो चारा आहे, मापाबाहेर विष. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला तर हे तणस नकोच.

९. तणसासोबत खनिज मिश्रण रोज दे – धानाच्या काडीतली ऑक्झॅलेटं कॅल्शियम अडवून धरतात, आणि दुधातून तर ते रोजच जात असतं.

१०. मुरघास मक्याचा कर. कुट्टी मुठीत आवळून बघ: पाणी ठिबकलं तर फार ओली, गोळा लगेच विस्कटला तर फार सुकी, मूठ सोडल्यावर गोळा हळूहळू उमलला, की भर – मक्याच्या साखरेचं आम्ल होतं, त्यावरच तो टिकतो.

११. मुरघास भरताना तुडवून तुडवून हवा काढ आणि ४५ दिवस तोंड उघडू नकोस – आत हवा राहिली की बुरशी आलीच.

१२. लग्नाचा उरलेला भात टोपलंभर गाईपुढे ठेवू नकोस, मळणीच्या दिवसांत धानाच्या पुंजण्याजवळ तिला मोकळी सोडू नकोस – धान्याची साखर एकदम सुटते आणि पोट आंबतं. मायेपोटी दिलेल्या अशाच भातानं माझी एक गाय गेली. कोठ्यातला तिचा कोपरा मला अजून रिकामा दिसतो.

१३. कोणताही नवा चारा आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढव – पोटातल्या जिवाणूंनाही नव्या घरी रुळायला वेळ लागतो.

१४. कुट्टी पिठासारखी बारीक करू नकोस – काडी चावली तर लाळ सुटते, लाळेनं पोट शांत राहतं, आणि दुधाला फॅटही त्याच काडीतून लागते.

१५. दुपारी घटकाभर कोठ्यात बसून गाईचा जबडा मोज. एक घास पन्नास-साठ वेळा चावून मग गिळत असेल तर निवांत घरी जा. त्याहून फार कमी भरला तर गव्हाणीत जाडं तणस वाढव – दूध घटण्याआधी रवंथ घटतं.

बापू, बियाणं दुकानात मिळतं, विळ्याची वेळ मिळत नाही. ती आपणच राखायची. आज दुपारीच विळा पाजवून ठेव, आणि उन्हं कलली की बांधीवर जा.