ग्रहयुती : भयाचे कारण की काळाचे माप?

कीर्तन आटोपून बुक्का लावणे झाले की खटाव-माणकडचा नाही तर तासगाव-मिरजेकडचा एखादा माळकरी बुवांना गाठून विचारतो, "बुवा, औंदा चार ग्रह एका राशीत येणार म्हणत्यात. पोरीचं लगीन धरलंय. थांबू का उरकू?" दुसरा म्हणतो, "शांतीला पैका लागतोय, गाय काढावी म्हणतोय." प्रश्न साधा आहे, पण त्यावर घरची गाय आणि पोरीचे लग्न टांगलेले आहे. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास करू.

आकाशातील सूर्याचा मार्ग ३६० अंशांचा. त्याचे बारा सारखे भाग म्हणजे बारा राशी. एक रास ३० अंशांची. दोन ग्रह एका राशीत आले की ज्योतिषी त्यास युती म्हणतात. आता गंमत पाहा. एक ग्रह मकरेच्या २ अंशांवर व दुसरा २८ अंशांवर असला, तर रास एक असूनही दोघांत २६ अंशांचे अंतर पडते. उलट एक मकरेच्या २९ अंशांवर व दुसरा कुंभेच्या १ अंशावर असला, तर अंतर अवघे दोन अंश, पण रास निराळी! यास्तव जाणता ज्योतिषी राशीवर न थांबता अंश पाहतो. कोणी ग्रह सूर्याच्या फार जवळ जाऊन अस्तंगत झाला आहे काय, हे पाहतो. मग ती युती जन्मलग्नापासून कितव्या स्थानी पडते आणि ते ग्रह त्या कुंडलीत कोणत्या स्थानांचे स्वामी आहेत, हे तपासतो. जी युती एकाच्या लाभस्थानी, तीच शेजाऱ्याच्या व्ययस्थानी. तेव्हा कुंडली न पाहता सरसकट सगळ्या घरांना एकच भीती घालणे, हे जातकशास्त्राच्या नियमातही बसत नाही.

युती ही काही अपूर्व गोष्टही नव्हे. दर अमावास्येला सूर्य-चंद्राची युती होतेच. तेथून चंद्र पुढे निघतो. १२ अंशांचे अंतर पडले की एक तिथी संपते. १२० अंशांवर शुद्ध एकादशी लागते, १३२ अंशांवर ती सरते. म्हणजे आपली आषाढी-कार्तिकी ज्या मोजणीने ठरते, तिचा आरंभच युतीपासून आहे. कृष्णाकाठी वाई, माहुली, औदुंबर येथील मंडळींना गुरूचे मापही ठाऊक आहे. गुरू कन्या राशीत आला की कन्यागत पर्व. हा फेरा सुमारे बारा वर्षांचा. असे पर्व ऑगस्ट २०१६ मध्ये लागले होते.

आता कोणी म्हणेल, "कुंडलीचं राहू द्या, देशावरचं संकट तरी ग्रह सांगतात की नाही?" देशाचे व राजाचे फल सांगणारी संहिता नावाची शाखा आहे खरी. तिची मोठी कसोटी लागली ती फेब्रुवारी १९६२ मध्ये. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी व केतू असे आठ जण ३ ते ५ तारखेच्या दरम्यान मकरेत जमले. यासच अष्टग्रही म्हणतात. केतू वगळता सात ग्रह सुमारे १६ अंशांच्या पट्ट्यात होते. अमावास्या केतूजवळ घडल्याने ५ तारखेला खग्रास सूर्यग्रहणही झाले. त्याची सावली पॅसिफिक महासागरावरून गेली. प्रलय होणार अशी हूल उठली, देशभर यज्ञ आणि पाठ झाले. पुढे काय झाले? चंद्र एका राशीत सव्वादोन दिवसच राहतो. तो कुंभेत गेला आणि अष्टग्रही मोडली. प्रलय झाला नाही.

याच्या मागचे-पुढचे पाहा. पानशेतचे धरण फुटून पुण्यात हाहाकार उडाला तो १२ जुलै १९६१ रोजी, अष्टग्रहीच्या सहा-सात महिने आधी. आपल्या सातारा जिल्ह्यात कोयनेचा भूकंप झाला तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. त्या दिवशी गुरू सिंहेत होता, शनी मीनेत. अष्टग्रहीचा पत्ताही नव्हता. भूकंपाचे कारण शास्त्रज्ञांनी जमिनीखालच्या भेगा व जलाशयाचे पाणी यांत शोधले. दगडमातीची घरे अंगावर कोसळली, म्हणून हानी वाढली.

अगदी अलीकडचे उदाहरण २१ डिसेंबर २०२० चे. गुरू-शनी सूर्यास्तानंतर पश्चिमेकडे इतके जवळ दिसले की मध्ये अंशाचा दहावा भागच अंतर! प्रत्यक्षात शनी गुरूच्याही मागे सत्तर कोटी किलोमीटरांहून दूर होता. कित्येकांनी कोरोनाचे खापर या युतीवर फोडले. परंतु आषाढीची पायी वारी थांबून पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या, ते याच वर्षीच्या जूनअखेर. युती त्यानंतर जवळजवळ सहा महिन्यांनी आली. आधी घडलेल्या गोष्टीचे कारण मागून कसे येईल?

तात्पर्य, कोणी युतीचे भय घातले तर त्यास चार प्रश्न विचारावेत. ग्रह किती अंशांवर आहेत? ही युती किती दिवस टिकणार? माझ्या कुंडलीत ती कोणत्या स्थानी पडते? आणि पूर्वी अशी युती झाली तेव्हा काय घडले? उत्तर न देता जो आधी खर्चाचा आकडा सांगतो, त्याला दुरूनच रामराम करावा.

तिथी पंचांगात पाहावी, मनास बरे वाटत असेल तर मुहूर्तही पाहावा. पण शांतीसाठी गाय विकू नये, कर्ज काढू नये, ठरलेले लग्न मोडू नये. गाठीला पैसा असेल तर कोयनाकाठच्याने घराची भिंत पक्की करावी; सांगलीकडच्याने पावसाळ्यात आयर्विन पुलाच्या पाणीपातळीवर नजर ठेवून गुरे-माणसे वेळीच उंचावर न्यावीत. आणि ग्रह कोठेही असोत, एकादशी आली की पताका खांद्यावर घेऊन निघावे.

रामकृष्णहरी.