छातीच्या शस्त्रक्रियेंत यंत्राचा हात

‘रोबो’ हा शब्द कारखान्यांत जन्मला नसून रंगभूमीवर जन्मला, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. कारेल चापेक या चेक नाटककाराचें जें नाटक १९२१ सालीं प्राग येथें रंगभूमीवर आलें, त्यानें तो जगास दिला. त्याचें मूळ जो चेक शब्द, त्याचा अर्थ वेठ. फुप्फुसाच्या कर्करोगावर आतां रोबो शस्त्रक्रिया करतो असें ऐकलें म्हणजे यंत्र आपल्या बुद्धीनें रोग्याची छाती उघडीत आहे असें चित्र डोळ्यांपुढें येतें. तें चुकीचें आहे. हें यंत्र नांवाप्रमाणेंच वेठीचें आहे. धन्यानें हात हलविल्यावांचून तें तसूभरही हालत नाहीं.

याची गरज कां पडली, हें कळण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. फुप्फुसें बरगड्यांच्या पिंजऱ्यांत कोंडलेलीं असतात. १९३३ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं एव्हार्ट्स ग्रेअम या शल्यवैद्यानें जेम्स गिलमोर नांवाच्या रोग्याचें कर्करोगग्रस्त डावें फुप्फुस सबंध काढलें. त्यासाठीं कांहीं बरगड्याही काढाव्या लागल्या. गिलमोर हे स्वतः डॉक्टर होते. ते त्यानंतर सुमारें तीस वर्षें जगले. ग्रेअम मात्र १९५७ सालीं फुप्फुसाच्याच कर्करोगानें वारले. सिगारेट व हा रोग यांचा संबंध दाखविणारा १९५० सालचा प्रसिद्ध निबंध लिहिणाऱ्या दोघांपैकीं ते एक, आणि तेही अनेक वर्षें धूम्रपान करीत आले होते!

पुढें सबंध फुप्फुसाऐवजीं त्याचा रोगट खंडच काढण्याची रीत पडली. उजव्या फुप्फुसास तीन व डाव्यास दोन खंड असतात. परंतु बरगड्या फांकवाव्या लागत, आणि त्या वेदना कित्येक महिने पुरत. १९९० नंतर लहान छिद्रांतून कॅमेरा घालून काम होऊं लागलें. पण तीं लांब, सरळ हत्यारें मनगटासारखीं वळत नसत.

२००० सालीं ‘दा विंची’ नामक यंत्रास अमेरिकेंत मान्यता मिळाली, व २००२ सालीं इटलींतील पीसाच्या शल्यवैद्यांनीं छातीच्या शस्त्रक्रियेंतील आपला अनुभव प्रसिद्ध केला. शल्यवैद्य त्याच दालनांत, रोग्यापासून कांहीं पावलांवर बसतो. दोन्ही डोळ्यांनीं पाहिल्यामुळें त्यास आंतील देखावा खोलीसह व मोठा दिसतो. त्याच्या बोटांची हालचाल यंत्राच्या बाहूंच्या टोंकांशीं असलेलीं इवलीं हत्यारें करितात. हात इंचभर हलला तर टोंक त्याहून पुष्कळ कमी हलेल अशी योजना करतां येते, आणि हाताचा कंपही गाळला जातो. रोग्याजवळ दुसरा शल्यवैद्य उभा असतो. भूल देणारा डॉक्टर एक फुप्फुस विसांवत ठेवून दुसऱ्यानें श्वास चालवितो.

उणीव ती स्पर्शाची. बहुतेक यंत्रांत उती किती ताणली गेली हें बोटांस कळत नाहीं; डोळ्यांनीं ताडावें लागतें. फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी तर पातळ भिंतीची. ती फाटली तर यंत्र दूर सारून छाती तत्काळ उघडावी लागते. म्हणूनच सहायकाचें तेथें असणें ही केवळ रीत नव्हे.

मोठ्या छेदापेक्षां वेदना कमी व घरीं परतणें लवकर, हा लाभ खरा आहे. साध्या कॅमेऱ्याच्या रीतीशीं तुलना करतां मात्र अंतर थोडें आणि खर्च बराच अधिक पडतो, हें आम्हांस स्पष्ट सांगावेंसें वाटतें. यंत्रामुळें कर्करोगाचा रोगी अधिक वर्षें जगतो असें सिद्ध झालेलें नाहीं, अशी सावधगिरीची सूचना अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानेंही २०१९ सालीं दिली. घरांत असा प्रसंग आला तर पालकांनीं यंत्राचें नांव विचारण्यापूर्वीं दोन गोष्टी विचाराव्या: रोग किती पसरला आहे, आणि या शल्यवैद्यानें अशा शस्त्रक्रिया किती केल्या आहेत. रोग दूरच्या अवयवांत गेला असेल तर बहुधा शस्त्रक्रिया उपयोगी पडत नाहीं. तेथें औषधें व किरणोपचार यांवरच भिस्त ठेवावी लागते.