घर विकताना एजंट नेमका कोणाचा?



जेटीवर लिलाव लावणारा दलाल कमिशन आपल्याकडून घेतो, पण रोज माल उचलणारा व्यापारीही त्याला सांभाळायचा असतो. हे ठाऊक असतं म्हणूनच भाव लागताना आपण शेजारी उभे राहतो. घर किंवा जागा विकताना मात्र "एजंट ओळखीचा आहे" म्हणून सगळं त्याच्यावर सोडतो. ओळखीचा असणं वेगळं, आपल्या बाजूचा असणं वेगळं.

एजंट चार तऱ्हेचे भेटतात.

1. तुम्ही नेमलेला. हा तुमचा माणूस. 1872 च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे त्याने तुमच्या सांगण्याप्रमाणे वागायचं आणि मागाल तेव्हा हिशेब द्यायचा. तुम्हाला अंधारात ठेवून त्याच व्यवहारात स्वतः नफा काढला, तर तो नफा तुम्ही मागू शकता. कामात गैरवर्तन केलं तर तेवढ्या कामाच्या कमिशनवरचा हक्कही तो गमावतो. पण त्याला तुम्हीच नेमलं, हे दाखवायला कागद हवा.

2. घेणाऱ्याने पाठवलेला. "गिऱ्हाईक तयार आहे, शेवटचं किती घेणार?" असं विचारत येतो. त्याला सांगितलेला शेवटचा आकडा समोरच्याला कळला, असंच समजा.

3. दोन्हीकडून कमिशन घेणारा. इथे हिशेब नीट बघा. समजा घराचा भाव 60 लाख आणि कमिशन दोन्ही बाजूंनी 2-2 टक्के. एजंटला मिळतात 2 लाख 40 हजार. भाव 55 लाखांवर आला तर त्याला मिळतात 2 लाख 20 हजार. म्हणजे तुमचे गेले 5 लाख, त्याचे फक्त 20 हजार. त्याला भावापेक्षा व्यवहार लवकर होण्यात जास्त फायदा. म्हणून "आत्ताच द्या, परत असं गिऱ्हाईक येणार नाही" हा सल्ला ऐकायचा, पण त्यावर निर्णय घ्यायचा नाही.

4. नव्या इमारतीतला फ्लॅट दाखवणारा. याला बहुतेक वेळा बिल्डर पैसे देतो, म्हणून तो बिल्डरचा. नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट विकायला एजंटचीही 2016 च्या रेरा कायद्याखाली नोंदणी लागते. नंबर मागा आणि तपासा.

मग करायचं काय?

- पहिल्याच भेटीत तोंडावर विचारा, "तुम्ही कोणाकडून पैसे घेणार? समोरच्याकडूनही घेणार का?" उत्तर कागदावर घ्या.
- त्याच कागदावर कमिशन किती, ते कधी द्यायचं आणि एजंटची मुदत किती महिने, हे लिहा. खरेदीखत नोंद झाल्यावरच कमिशन, अशी अट घालता येते.
- घेणाऱ्याला स्वतः भेटा. तुम्हाला 55 सांगून त्याच्याकडून 60 घेणारेही असतात. समोरासमोर बसलं की हा खेळ चालत नाही.
- विसार असो की पूर्ण रक्कम, पैसे थेट तुमच्या बँक खात्यात यायला हवेत. एजंटच्या खात्यात नकोत.
- "कोर्टकचेरीची धावपळ नको, पॉवर द्या" म्हणाला तर थांबा. पॉवर ऑफ अॅटर्नी दिली की त्यात लिहिलेल्या कामांसाठी तो तुमच्या नावाने सही करतो, आणि ती सही तुम्हाला बांधते.
- गोव्यातल्या नागरी कायद्याखाली लग्न झालेलं असेल तर घर विकताना सहसा पती-पत्नी दोघांची संमती लागते. मग एजंटशी बोलणीही दोघांनी मिळूनच करावी. पुरुष माणूस दर्यावर असताना घरच्या बाईकडून घाईने सही घेऊ पाहणाऱ्याला सरळ सांगा, "दोघं घरी असू तेव्हा या."
- कागद तपासायला स्वतःचा वकील घ्या. एजंटने सुचवलेला नको.

सगळेच एजंट फसवे नसतात. चांगला एजंट गिऱ्हाईक आणतो, धावपळ वाचवतो, त्याचं कमिशन त्याला जरूर द्यावं. फक्त तो कोणासाठी काम करतोय, हे सही करण्याआधी कळलं पाहिजे. होडी दुरुस्त करता येते, जाळं नवं विणता येतं. दर्याकाठचं घर एकदा गेलं की त्या भावात परत मिळत नाही.

ही माहिती घरच्यांना वाचून दाखवा.