अभ्यासपाठ : झाडपाल्याची पारख



चोपडा, यावल, शिरपूर, साक्री या तालुक्यांतील पाड्यांवर पावसाळ्यात बैल आजारी पडला की शेतीची कामे अडतात. जनावराला राहून राहून ताप येतो, ते गोल फिरते, भिंतीला डोके टेकवते. ही 'सर्रा' रोगाची लक्षणे असू शकतात. याचे परजीवी गोमाशीच्या चाव्यातून पसरतात. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने डेरा इस्माइल खान येथे घोडे व उंटांच्या रक्तात ते शोधले. गोचिडांमुळे थायलेरिया आणि बबेसिया होतात. बबेसियात लघवी लाल होते.

सर्रा सहसा माणसाला होत नाही. तरी २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात हे परजीवी सापडले. सुरामिन या औषधाने तो बरा झाला.

यावर झाडपाला चालेल का? अंदाजाने उत्तर देऊ नये, पारख करावी. तिच्या पायऱ्या अशा :

१. वनस्पतीची नेमकी ओळख पटवणे. पाने किंवा साल सावलीत वाळवून पाण्यात वा अल्कोहोलमध्ये अर्क काढणे.

२. परजीवी असलेल्या नमुन्यावर वेगवेगळ्या मात्रा वापरून पाहणे. शेजारी एक नमुना ठरलेल्या औषधाचा, एक काहीच न घातलेला.

३. लागण केलेल्या उंदरांना अर्क देऊन रक्ताच्या थेंबातील परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली मोजणे.

४. अर्काने रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड यांना इजा होते का, हे तपासणे.

नळीत गुणकारी ठरलेला अर्क शरीरात निकामी ठरू शकतो. गुराच्या पोटातील सूक्ष्मजीवही त्याचे विघटन करू शकतात.

चीनच्या तू यूयू यांनी हिवतापावर हाच मार्ग धरला. जुन्या ग्रंथात वनस्पती उकळण्याऐवजी भिजवून पिळण्यास सांगितले होते. त्यावरून त्यांनी कमी उष्णतेत अर्क काढला. १९७१ साली तो उंदीर व माकडांवर गुणकारी ठरला. पुढे त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. म्हणजे जुन्या ज्ञानाने दिशा दिली, चाचणीने खात्री दिली.

म्हणून पाड्यावरील जाणत्या दादांना, आजींना मान देऊन विचारावे : कोणते झाड, कोणता भाग, कसा, किती? ते त्यांच्या नावानिशी, त्यांच्या संमतीने लिहून ठेवावे. पण बैल तापला असेल, तर वाट पाहू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्ततपासणी करून औषध सुरू करावे. अर्काची चाचणी प्रयोगशाळेत व्हावी, गरिबाच्या एकुलत्या बैलावर नव्हे.