पेशीचा श्वास आणि पेशीचा अंत

म्हातारपणी माणूस विसराळू होतो हे आपण घरोघरी पाहतो, आणि प्रसंगी त्याची थट्टाही करतो. परंतु सर्वच विस्मरण वयाचे नसते. इ. स. १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथील रुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला स्वतःचे नाव लिहावयास सांगितले. तेही तिला पुरे करता येईना. १९०६ साली ती निवर्तल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. चेतापेशींच्या बाहेर एका विलक्षण पदार्थाचे साठे, पेशींच्या आत तंतूंचे गुंते, आणि कित्येक पेशी तर नाहीशाच झालेल्या! या पेशी मरतात कशा, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

पेशीच्या पोटात तंतुकणिका असतात. अन्नातील शक्ती प्राणवायूच्या साह्याने मोकळी करणे हे त्यांचे काम. पेशीची चूलच म्हणा ना. या चुलीपाशी सायटोक्रोम-सी हे इवलेसे प्रथिन अहोरात्र राबते. एकाकडून इलेक्ट्रॉन घ्यावा, दुसऱ्याच्या हाती द्यावा, हा त्याचा नित्यक्रम. पेशीच्या श्वसनाचा हा एक इमानी सेवक, अशीच त्याची ख्याती होती. १९९६ साली अमेरिकेत शियाओडाँग वांग व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की हाच सेवक तंतुकणिकेबाहेर पडला म्हणजे मृत्यूचा हुकूम घेऊन निघतो. बाहेर तो ॲपॅफ-१ या प्रथिनाला मिळतो. त्यातून कॅस्पेज नावाची विकरे जागी होतात आणि पेशीला आतूनच मोडून काढतात.

अशा नियोजित मृत्यूला १९७२ साली केर, वायली व करी या शास्त्रज्ञांनी ॲपॉप्टोसिस हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. आम्हां भाषेच्या शिक्षकांना हे नामकरण फार आवडले. पानगळ सदैव अनिष्ट नसते. गर्भातील बोटांमधल्या पेशी अशाच गळून पडतात, म्हणून तर आपली बोटे सुटी होतात. चेतापेशीची गोष्ट मात्र निराळी. ती गळाली की त्या जागी पुन्हा पालवी फुटत नाही.

डॉ. अल्झायमर यांना दिसलेल्या साठ्यांतील मुख्य पदार्थ म्हणजे बीटा-ॲमिलॉइड हे प्रथिन. ते तंतुकणिकांतही शिरते आणि तेथील सायक्लोफिलिन-डी या प्रथिनाशी संधान बांधते. मग तंतुकणिकेचे दार सहज उघडते, ती फुगते आणि सायटोक्रोम-सी बाहेर सुटते. २००८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी रोगसदृश उंदरांत सायक्लोफिलिन-डी नाहीसे केले. त्यांची शिकण्याची व स्मरणाची शक्ती इतर रोगी उंदरांहून चांगली राहिली.

उंदरावरून माणसाविषयी घाईने बोलू नये. मानवी मेंदूतील पेशी मुख्यतः याच वाटेने मरतात काय, याबद्दल शास्त्रज्ञांचे एकमत नाही. शिवाय पेशी मरण्याच्या बऱ्याच आधी त्यांचे परस्परांशी असलेले सांधे निखळू लागतात. आणि पानगळ सरसकट थांबवावी म्हटले, तर ज्या बिघडलेल्या पेशी मरावयास हव्यात त्याही जगतील व कर्करोगाचे भय उभे राहील. औषध शोधणाऱ्यांना शरीरातील इतर पानगळीस धक्का न लावता मेंदूतील नेमके तेवढेच दार अडवावयाचे आहे.